तिथं आपलं कोण आहे?

ज्यांना कुठं जायचं असतं ती माणसं जाऊन येतात आणि दोन वाक्यांत सांगून मोकळी होतात. ज्यांना नुसतं ठरवायचं असतं, त्यांचे मात्र किस्से होतात! आमच्या चिंचवडच्या स्वस्त विदेश सहल मंडळाचे माझ्याकडे इतके किस्से साठलेत, की कारखान्यात डबा उघडला की मैत्रिणी भाजीच्या आधी तेच मागतात.

मंडळ म्हणजे मुख्यतः तीन माणसं. अध्यक्ष आबासाहेब, शाळाखात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर दुसऱ्यांच्या शाळा तपासल्यामुळे स्वतः काही करून दाखवायची सवयच नाही. दुसरे गणपतराव, गावातले जुने शेतकरी. कारखान्यासाठी जमीन गेली, हातात पैसा आला आणि चिंचवड एकदम लहान पडायला लागलं. तिसरे चिटणीस, म्हणजे माझे वडील, दादा. दर रविवारी सकाळी आबासाहेबांच्या ओसरीवर बैठक. विषय एकच : बोटीनं निघायचं आणि कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त देश बघून यायचं.

मी बी. एस्सी. झालेली, पिंपरीच्या नव्या औषधी कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरीला. माझा पगार, माझी शिल्लक. तरी दादांनी अट घातलेली : "जायचं तर मंडळाबरोबर. एकटी नाही." आणि लग्न ठरलं की विषय बंद. म्हणजे इकडे मंडळ देश शोधतंय आणि तिकडे आई स्थळं शोधतेय. दोघांत आधी कुणाला सापडतं, यावर माझा युरोप अवलंबून!

* * *

सहल स्वस्त कशी करायची, याची आबासाहेबांकडे एकच युक्ती. हॉटेलात उतरायचंच नाही. नकाशावर कुठलंही शहर आलं की ते चष्म्यावरून बघत विचारायचे, "तिथं आपलं कोण आहे?"

पॅरिसमध्ये आपलं कुणी नव्हतं. पॅरिस रद्द! एडनला गणपतरावांच्या साडूच्या ओळखीचा कापडवाला होता, म्हणून एडनला चांगला आठवडाभर मुक्काम. एडनला आठवडाभर बघायचं काय, ते विचारायचं नाही. रोममध्ये दादांच्या आतेभावाचे मेहुणे होते, म्हणून इटली पक्की झाली.

पुढं त्याच मेहुण्यांच्या इकडच्या घरी लग्न निघालं. तिथं आबासाहेबांना दुसऱ्या पंगतीला बसवलं. पुढच्या रविवारी त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि इटलीवर आडवी रेघ ओढली.

मी म्हटलं, "आबासाहेब, आपली बोट नेपल्सला लागते. नेपल्स इटलीत आहे. उतरायचं कुठं?"

आबासाहेब म्हणाले, "धक्क्यावर उतरायचं. देशात नाही!"

आणि दादांनी ते इतिवृत्तात लिहून घेतलं.

* * *

आमच्या कारखान्यात परदेशातून एक तंत्रज्ञ आले होते. विद्यार्थी असताना त्यांनी सायकलवरून युरोपातले कितीतरी देश पालथे घातले होते. मला वाटलं, यांचं ऐकून तरी मंडळाला हुरूप येईल. घेऊन गेले एका रविवारी. ते बिचारे उत्साहानं सांगत होते : शेतकऱ्यांच्या गोठ्यात झोपायचो, पाव आणि चीज खायचो, रस्त्यात भेटेल त्याला वाट विचारायचो. मी मराठीत सांगत होते.

सगळं ऐकून आबासाहेबांनी विचारलं, "त्या गावांमधून यांचं कोण होतं?"

"कुणीच नाही," मी म्हटलं.

 आबासाहेबांच्या पत्नी, माई, उठून आत गेल्या आणि बेसनाच्या लाडवांचा डबा आणून त्या तंत्रज्ञांच्या हातात ठेवत मला म्हणाल्या, "विचार गं, लहानपणीच गेले का आईवडील?"

* * *

गणपतरावांचा हिशेब वेगळा. त्यांना देश मोजायचे होते. त्यांच्या भावकीतला एकजण काशी-रामेश्वर करून आला होता, त्याच्यावर मात करायची होती.

कुणीतरी त्यांना सांगितलं की स्वित्झर्लंडच्या टोकाला एक जागा अशी आहे, जिथून तीन देश दिसतात. झालं! रविवारी फेटा सावरत आले ते उभ्यानंच बोलायला लागले.

"आबासायेब, आपलं काम झालं. त्या टेकाडावं जायाचं. हिकडं एक देश, तिकडं एक, पायाखाली एक. तीन झालं का न्हाई?"

"पण गणपतराव, त्या देशांत जायचं नाही का?" दादांनी विचारलं.

"कशाला? आपल्याला बघायचंच हाय न्हवं? मग हितनं बघितलं काय आन् तिथं जाऊन बघितलं काय! जाऊन तरी डोळ्यांनीच बघणार ना?"

"मग ओसरीवरूनच बघा की," मी म्हटलं.

दादांनी माझ्याकडे डोळे वटारून बघितलं. आबासाहेब मात्र विचारात पडले होते. ते म्हणाले, "गणपतराव, अशी चार देशांची टेकडी कुठं आहे का, याची चौकशी करा."

* * *

मग आबासाहेबांनी टूम काढली, रंगीत तालीम करायची. युरोपात हमाल परवडत नाही, तेव्हा ज्यानं त्यानं आपली ट्रंक उचलायची. खाणावळ परवडत नाही, तेव्हा स्टोव्हवर आपला भात आपण शिजवायचा. तालमीला गाव निवडलं निघोजे, कारण तिथं गणपतरावांची आतेबहीण दिलेली. आपलं माणूस!

एस. टी.तून उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. आतेबहिणीचं घर मळ्यात. आबासाहेबांनी ट्रंकेत लोकरीचा कोट, दोन जोडी बूट आणि पाटासकट पूजेचं साहित्य भरलेलं. फाट्यापासून पहिल्या बाभळीपर्यंत त्यांनी ती उचलली. बाभळीखाली ते ट्रंकेवर बसले. तिथंच आम्ही स्टोव्ह काढला, तर पिन विसरलेली. शेवटी आतेबहिणीनं पिठलं-भाकरी मळ्यातून बाभळीखाली पाठवली आणि ट्रंकेसाठी बैलगाडी.

परतताना आबासाहेब गाडीत ट्रंकेशेजारी आडवे झाले होते. दादांनी हळूच विचारलं, "आबासाहेब, कसं काय वाटतं?"

"युरोपचं काही नाही हो," आबासाहेब म्हणाले. "निघोजेच जरा लांब पडलं!"

* * *

सुवेझचा कालवा बंद पडला तेव्हा सगळ्या जगाच्या तोंडचं पाणी पळालं. मी पेपर वाचून रडकुंडीला आले होते. ओसरीवर गेले तर आबासाहेबांच्या चेहऱ्यावर असं समाधान, की जणू कालवा त्यांनीच बुजवला!

"बघितलंस शरयू? आपण घाई केली असती तर?"

"घाई केली असती तर मागच्या वर्षीच जाऊन आलो असतो!"

"तुम्हा शिकलेल्या मुलींना हेच कळत नाही," ते म्हणाले आणि माईंना हाक मारून त्यांनी सगळ्यांसाठी शिरा करायला सांगितला. तूप सुटलेला, बेदाणे घातलेला! आजवर इतकी भक्कम अडचण मंडळाला कधी मिळाली नव्हती.

* * *

त्याच सुमारास एक स्थळ आलं. मुलगा बरा होता, पण त्याचे वडील कांदेपोह्यांची बशी हातात घेऊन, मी काय काय सोडणार, याचीच यादी करत होते. नोकरी सोडशील का, बॅडमिंटन सोडशील का. शेवटी मी सरळ सांगितलं, "मला आधी युरोपला जायचंय."

 मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली.

"युरोपला? कुणाबरोबर?"

दादांनी घाईघाईनं मंडळाची सगळी माहिती दिली. धक्क्यावर उतरायचं, टेकडीवरून बघायचं, सगळं. ते गृहस्थ पुढं सरकून ऐकत होते. दोन प्रश्न त्यांनी असे विचारले की दादा खूश झाले.

आठवड्यानं त्यांचं पत्र आलं : पत्रिका जुळत नाही. मंडळात मात्र नाव घालून घ्यावं.

* * *

आता शेवटचा.

पुढं कालवा उघडला. तोवर माझा पासपोर्ट आला होता, परकीय चलनाची परवानगीही होती, पण तिची मुदत संपत आली होती. आणि आईनं आता असं स्थळ धरलं होतं, की त्यांना पत्रिकाच नको होती! मी कुणाला न विचारता बोटीवर माझी जागा घेतली. आबासाहेबांच्या ओसरीवर जाऊन म्हटलं, "ही तारीख. चला."

आबासाहेबांनी पंचांग काढलं. दिवस वाईट निघाला. पण म्हणाले, "हरकत नाही, प्रस्थान ठेवू."

हल्लीच्या मुलींना हे सांगावं लागतं. निघायच्या दिवशी मुहूर्त नसेल तर आधीच्या चांगल्या वेळी तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि प्रवासातली एखादी वस्तू फडक्यात बांधून दुसऱ्याच्या घरी ठेवायची. तेवढ्यानं माणूस निघाला, असं शास्त्र धरतं. फक्त ते गाठोडं परत घरी आणायचं नाही. आणलं की प्रवास मोडला.

मी कामावर असताना यांनी प्रस्थान ठेवलं, सांगवीला, आबासाहेबांच्या मुलीच्या सासरी. प्रत्येकाच्या नावाची एकेक सुपारी. आणि प्रवासातली वस्तू म्हणून सगळ्यांचे पासपोर्ट! माझा दादांनी माझ्या कपाटातून काढून दिला.

"मला व्हिसे घ्यायला मुंबईला जायचंय! आणा तो परत!"

"परत?" आबासाहेबांनी कानाला हात लावला. "सहल मोडेल!"

"मग आपण निघायचं कधी?"

"निघायचं काय? निघालोय!" आबासाहेब झोपाळ्यावर मागं रेलले. "शास्त्राप्रमाणं आपण सगळे या घटकेला सांगवीत आहोत."

"व्हय," गणपतराव म्हणाले आणि त्यांनी चहा बशीत ओतला.

दुसऱ्या दिवशी मी बॅग भरली आणि सांगवी गाठली. आबासाहेबांच्या विहीणबाई दारातच उभ्या राहिल्या. "घरी न्यायला आली असशील तर हात लावू देणार नाही."

"घरी नाही. पुढं न्यायला आलेय. मुंबईला, मग बोटीवर."

त्यांनी मला नीट न्याहाळलं. मग आत जाऊन गाठोडं आणलं. "पुढं नेतेस तर ने. पण एकटीचं काढून घ्यायचं नाही हो. न्यायचं तर अख्खं."

मी अख्खं नेलं. खडकी स्टेशनवरून मुंबई, मैत्रिणीचं घर. दादांना चिठ्ठी धाडली : मंडळाबरोबर निघालेय.

दादा दुसऱ्या दिवशी हजर! घामाघूम, लालबुंद. "मंडळ चिंचवडात बसलंय आणि तू?"

मी गाठोडं त्यांच्यासमोर ठेवलं. "शास्त्राप्रमाणं मंडळ कुठं आहे, दादा?"

त्यांनी बोटांनी गाठोड्याची गाठ चाचपून पाहिली.  मग, "आबासाहेबांना विचारावं लागेल," म्हणून परत गेले. दोन दिवसांनी त्यांचं कार्ड आलं : "अध्यक्षांचा निर्णय. मंडळ निघालेलं आहे. ते परत आणू नये. उबदार कपडे ने."

बोट सुटताना दादा धक्क्यावर आले. मी उरलेले तीन पासपोर्ट काढून म्हटलं, "हे तरी घेऊन जा." तापलेल्या तव्याला लागावा तसा त्यांनी हात मागं घेतला. "घरी? सहल मोडेल!"

मी इटली पाहिली, धक्क्याच्या पलीकडची. स्वित्झर्लंड, पॅरिस, लंडन. स्वस्तातल्या खोल्यांत राहिले, पाव खाल्ला, वाट भेटेल त्याला विचारली. तिथं माझं कुणी नव्हतं.

परत आले तर चिंचवडच्या शाळेत सत्कार ठेवलेला. मी साडी बदलून गेले. फळ्यावर लिहिलं होतं : 'आमची युरोप सहल, वक्ते आबासाहेब.' शाल त्यांच्या खांद्यावर, नारळ त्यांच्या मांडीवर. शेजारी गणपतराव, नव्या फेट्यात. समोर अख्खं गाव.

व्यासपीठावर चढण्याआधी आबासाहेबांनी मला खांबाआड बोलावलं.

"शरयू, स्वित्झर्लंडच्या आगगाडीत गाठोडं कुठं ठेवलं होतंस?"

"खिडकीशी."

"कुठल्या बाजूच्या?"

"डावीकडच्या."

त्यांनी मान हलवली. वर गेले, पाणी प्यायले, घसा साफ केला.

"बंधुभगिनींनो, स्वित्झर्लंडात गाडीमध्ये नेहमी डावीकडे बसावं. आम्ही डावीकडेच बसलो होतो."