पन्नासच्या पेटीत एकही पन्नास नाही

माझ्या मावशीचा छापील आकड्यावर विश्वास नाही. वाचते सगळं, पण वाचून झालं की मोजून बघते. घरी नवा पलंग आला तेव्हा दुकानाचा माणूस घाम पुसत दारात उभा आणि मावशी टेप घेऊन पलंगाखाली. सव्वासहा फूट लिहिलेला पलंग सहा भरला. पलंग परत गेला, माणूसही गेला, आणि तो माणूस पुन्हा आमच्या गल्लीत दिसला नाही. आई म्हणते, हिने लग्नाला होकार दिला तो केवळ मुलाने आपली उंची स्थळाच्या कागदावर लिहिलेल्यापेक्षा दोन बोटं कमी आहे असं स्वतःहून सांगितलं म्हणून. यावर काकांचं काही म्हणणं नाही. त्यांचं कशावरच नसतं, म्हणून तर संसार टिकला.

एकतीस वर्षं मावशी कॅमेऱ्याची भिंगं बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसली. मला वाटायचं, त्या टेबलानेच तिला असं केलं. आईने सांगितलं की उलट आहे. ही मुळातच अशी, आणि नोकरीच्या नवव्या दिवशी हिने कारखान्याचं काम बंद पाडलं होतं.

तेव्हा ती बावीस वर्षांची होती. तंत्रशाळेतून नुकतीच बाहेर पडलेली, तीन महिने तात्पुरती. तीन महिन्यांनी फोरमनने सही केली तर कायम, नाही तर नमस्कार. माझी आई अकरा वर्षांची, तिच्याजवळ राहून शाळा शिकत होती. दोघींची सायकलच्या दुकानावर भाड्याची एक खोली होती. खिडकी उघडली की समोर भिंत, पण खोली आपली. नोकरी गेली तर खोली जाणार, आणि दोघींना त्यांच्या मोठ्या काकांकडे परतावं लागणार. तिथे नऊ माणसं, एक न्हाणीघर, आणि रोज सकाळी त्या न्हाणीघराच्या दाराशी उभं राहून उपदेश करणारे मोठे काका. त्यामुळे आईचं सगळं लक्ष त्या सहीकडे होतं. मावशीचं कामाकडे होतं, हीच तर अडचण झाली.

शाळेत आपण भिंग हातात धरून खिडकीची उलटी प्रतिमा भिंतीवर पाडतो आणि मधलं अंतर फुटपट्टीने मोजतो. नाभीय अंतर म्हणतात ते. मावशीचं काम तेच, फक्त अंधाऱ्या खोलीत, फुटपट्टीऐवजी सूक्ष्मदर्शकाने, आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत. शिकवायला एक जुने तपासनीस होते. नवव्या दिवशी ते दाढ काढायला गेले आणि जाताना सांगून गेले की पन्नास नंबरची पेटी आली तर बघून ठेव. किती भरलं तर चालतं, तो तक्ता मात्र त्यांच्या कुलूपबंद खणात राहिला.

पेटी आली. एकशे वीस भिंगं, प्रत्येकाच्या कड्यावर कोरलेलं ५०. मावशीने पहिलं लावलं. ५१.६. दुसरं ५१.४. तिसरं ५१.९. तिला वाटलं, आपलंच चुकतंय. तिने यंत्र पुसलं, पुन्हा लावलं, पुन्हा मोजलं. खुर्ची बदलली. शेवटी तिने घाबरलेला व्यवस्थित माणूस जे करतो ते केलं, म्हणजे भिंगं लहानमोठ्या मापाच्या क्रमाने रांगेत मांडली. सात रांगा झाल्या. मग एकशे वीसच्या एकशे वीस डब्यांवर नापास झाल्याची लाल चिठ्ठी चिकटवली आणि वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘पन्नासच्या पेटीत एकही पन्नास नाही.’

दुपारपर्यंत जोडणी विभागातली चाळीस माणसं हातावर हात ठेवून बसली होती. त्यांचा तिसरा चहा झाल्यावर फोरमन आला. त्याने लाल पेटी पाहिली, वही वाचली, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, “बाई, कारखाना बंद पाडायला नऊ दिवस लागले. आधी कुठे अनुभव होता का?”

मावशी म्हणाली, “लिहिलंय पन्नास, भरतंय एक्कावन्न. मी काय करणार?”

“तुमच्या चपलेचा नंबर काय?”

“सहा.”

“सहा काय? सहा बोटं? सहा विती?”

दारात जमलेली माणसं हसली. मग फोरमनने तिला कपाटासमोर उभं केलं आणि अठ्ठावीस, पस्तीस, पन्नास, पंच्याऐंशी, एकशे पस्तीस अशी भिंगं दाखवत समजावलं. माणूस रागीट, पण शिकवायला लागला की राग विसरायचा. त्याचं म्हणणं असं, की हे आकडे आभाळातून पडलेले नाहीत. फिल्मवरचा एक फोटो छत्तीस मिलिमीटर रुंद, चोवीस उंच. तिरका मोजला तर त्रेचाळीस. भिंगाचा नंबर त्याच्या आसपास असला की फोटोतलं जग डोळ्याला ओळखीचं वाटतं. जुन्या कारागिरांना त्याहून जरा लांब भिंग चांगलं जमलं, त्याला त्यांनी गोल आकड्यात पन्नास म्हटलं. बाकीची त्याच्या आजूबाजूला बसवली. पस्तीसमध्ये जेवढं मावतं त्याच्या साधारण निम्मं पन्नासमध्ये, आणि पन्नासमधलं जेमतेम एक तृतीयांश पंच्याऐंशीमध्ये. एकात आख्खी खोली, एकात टेबलाभोवतीची माणसं, एकात नुसता चेहरा. मध्ये पंचेचाळीस, अठ्ठेचाळीस अशी भिंगं काढली तर फरक दाखवायला प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर मावशीला पाठवावं लागेल. शिवाय कॅमेऱ्याच्या डोळा लावायच्या खिडकीत ठरावीक नंबरांच्याच चौकटी आखलेल्या, दुकानातही लोक तेच नंबर मागणार. एकदा पडलेला पायंडा आता कोण मोडतो? पन्नास हे त्या भिंगाचं नाव आहे, माप नव्हे. एक्कावन्न ते बावन्न भरलं की पास.

सगळं पटण्यासारखं होतं. मावशीने मान डोलावली आणि तिथेच थांबायला हवं होतं. पण ती म्हणाली, “नाव ठीक आहे. पण मग खरं माप कुठे लिहिता?”

“कुठेच नाही.”

“मग हे काम अर्धवट आहे.”

माणसं आता हसेनाशी झाली. फोरमनने वही मिटली आणि सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

संध्याकाळी आईने विचारलं, ताई, सॉरी म्हणायचं होतंस ना. मावशी म्हणाली, कशाबद्दल म्हणायचं तेच सापडलं नाही. दोघींनी ट्रंक ओढून बाहेर काढली. आईने भूगोलाचं पुस्तक सगळ्यांत खाली ठेवलं, कारण मोठे काका भूगोलावर फार बोलायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालून सायकलची घंटी वाजली. जोडणीतले एक म्हातारे फिटर होते. चार जिने चढल्यासारखे धापा टाकत, जिना एकच होता, ते दारात म्हणाले, “पोरी, मोठ्या मापाची रांग डावीकडची की उजवीकडची?”

भानगड अशी होती. भिंग ज्या नळीत फिरून फोकस होतं, ती नळी तीन मापांची यायची. कोणत्या भिंगाला कोणती बसेल हे कुणालाच माहीत नसे. लावायची, कॅमेऱ्यावर बघायचं, काढायची, दुसरी लावायची. फिटरांचं अर्धं आयुष्य त्यात गेलं होतं. आदल्या संध्याकाळी पेटी उचलताना त्यांनी रांगा पाहिल्या. एका रांगेतली सहा भिंगं त्यांनी सहज एकाच मापाच्या नळीत घातली. सहाही पहिल्या फटक्यात बसली. तेवढ्यात झाडूवाल्याने टेबल आवरलं आणि बाकीच्या रांगा एकावर एक रचून ठेवल्या.

मावशी म्हणाली, तोंडी सांगून कळणार नाही, दाखवायला हवं. फिटरांनी तिला सायकलवर डबलसीट बसवून नेलं. आई शाळा बुडवून मागून पळत गेली आणि फाटकाच्या जाळीला नाक लावून उभी राहिली, म्हणून पुढचं मला माहीत आहे.

फोरमन म्हणाला, “मी तुम्हाला येऊ नका म्हणून सांगितलं होतं.”

मावशी म्हणाली, “मी आले नाही. मला आणलंय.”

मावशी पुन्हा मोजून रांगा लावत गेली आणि अकरा वाजेपर्यंत फिटरांनी चाळीस नळ्या बसवल्या, एरवी दिवसाला जेमतेम तीस व्हायच्या. फोरमन बाजूला उभा राहून बघत होता. शेवटी त्याने एक डबी उचलली, लाल चिठ्ठी नखाने खरवडून पाहिली आणि म्हणाला, या सगळ्या तुम्हीच सोलायच्या. मावशीने विचारलं, “आणि सोलून झाल्यावर?”

“सोलून झाल्यावर पुढची पेटी. खरं माप चिठ्ठीवर लिहायचं. पांढऱ्या.”

त्यानंतर मावशीचं नाव फुटपट्टी पडलं, आणि तिला ते आवडलंही. दाढवाल्या तपासनिसांनी आपल्या खणाची किल्ली तिच्याकडे दिली.

सहीचा दिवस आला. आईने आपल्या शाळेच्या गणवेशाला इस्त्री केली होती, जणू सही तिच्यावरच होणार. कचेरीत फोरमनने कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं, आणि मावशी म्हणाली, “आज एकोणनव्वद दिवस झालेत.”

फोरमनने तिच्याकडे पाहिलं. टोपण लावलं. म्हणाला, “मग उद्या या.”

त्या रात्री आईने मावशीला जेवण वाढलं तेही पाठ करून.

दुसऱ्या दिवशी फोरमनने सही केली, खाली तारीख घातली, आणि मावशीकडे बघत तारखेपुढे वेळही लिहिली: सकाळी नऊ वाजून चार मिनिटं. मावशीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. नऊ वाजून सहा मिनिटं झाली होती. तिने कागदाची घडी घातली, आभार मानले, आणि घड्याळाचं नाव न काढता बाहेर आली.