लॉक उकडलं त्या वर्षी

इन्कम टॅक्सचं काम करते म्हटलं की लोकांना माझी दया येते. लग्नात पंगतीला शेजारी बसलेली बाई हमखास विचारते, "दिवसभर नुसते आकडेच? कंटाळा नाही येत?" मग मी एक किस्सा सांगते. पण आमचे किस्से खडकावरच्या कालवांसारखे. एक सोडवायला जावं तर चार चिकटून येतात. भात संपतो, सोलकढी येते, आणि बाई हात धुवायला उठत नाही.

आमचं ऑफिस मालवणच्या बाजारात, जाळी-दोऱ्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. ऑफिस भाऊंचं. वय साठीचं, अर्ध्या तालुक्याचे रिटर्न तेच भरतात. मी आणि प्राजक्ता त्यांच्या हाताखाली. भाऊ अधिकाऱ्यांशी पुस्तकी मराठी बोलतात, आमच्याशी मालवणी बोलतात, आणि कॉम्प्युटरशी जे बोलतात ते लिहिता येण्यासारखं नाही.

तेव्हा आमच्याकडे एक महागडं सॉफ्टवेअर होतं. दर वर्षी त्याचं रिन्यूअल वाढायचं आणि वेग कमी व्हायचा. जुलै महिना, बाकावर माणसं दाटून बसलेली, आणि ते मधेच बंद पडलं. भाऊंनी हेल्पलाइनला फोन लावून स्पीकरवर टाकला. पलीकडून एका मुलीचा गोड आवाज, "सर, प्लीज कंप्यूटर रीस्टार्ट कीजिए।"

भाऊंनी केलं. काही झालं नाही. "सर, एक बार फिर रीस्टार्ट कीजिए।" परत केलं. असं बराच वेळ चाललं. शेवटी भाऊ फोनवर हात ठेवून आम्हाला म्हणाले, "ह्या चेडवाक काय्येक कळना नाय. पोपटासारख्या एकच बोलत रवता."

स्पीकर चालूच होता. पलीकडून तोच गोड आवाज म्हणाला, "भाऊ, माका सगळां कळता. मी कणकवलेची. आणि तुमी नुसती स्क्रीन बंद करतास. खालचो डबो बंद करा."

खालचा डबा बंद केला, चालू केला, सॉफ्टवेअर धावायला लागलं. बाकावरची माणसं तिला "देव बरां करो" म्हणाली. त्यानंतर काहीही अडलं की भाऊ फोन लावून आधी विचारायचे, "कणकवलीचां चेडू आसा काय?" आणि पलीकडचा कुणीतरी गोंधळून म्हणायचा, "सर, ये कौन सा एरर है?"

*

त्या सॉफ्टवेअरला एक लॉक होतं. निळं, अंगठ्याच्या पेराएवढं. ते कॉम्प्युटरला खोचलेलं असेल तरच सॉफ्टवेअर उघडायचं. भाऊ त्याला देव्हाऱ्यातल्या टाकासारखं जपायचे.

एका सकाळी तारकर्लीच्या एका गिऱ्हाइकाने भाऊंसाठी ताज्या तिसऱ्या आणल्या. तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, आणि भाऊंचा जीव त्यांच्यावर. पिशवी कॉम्प्युटरच्या डब्याला टेकवून ठेवली होती. भाऊ ती लगोलग घरी देऊन आले, कामाला बसले, तर पडद्यावर आलं, 'लॉक सापडत नाही.'

मग जी शोधाशोध झाली! कपाट सरकवलं, केरसुणी झटकली, गिऱ्हाइकांनी पाय वर घेतले. एका आजोबांनी उभ्या उभ्या देवाला गाऱ्हाणंच घातलं. प्राजक्ता रडायच्या बेताला आली, कारण सकाळी डबा तिनेच पुसला होता. दुपारी भाऊंच्या घरून वहिनींचा फोन आला.

"अवो, ऐकलात? तिसऱ्यो उकडत घातल्यो. सगळ्यो उघडल्यो, पण एक काय केल्या उघडना नाय."

"टाकून दी ती," भाऊ वैतागून म्हणाले.

"टाकतंय. पण ती निळी आसा."

लॉक गेलं ते गेलंच. नवीन मिळवायला कंपनीचा अर्ज होता. त्यात खराब होण्याच्या कारणांतलं एक निवडायचं होतं: तुटणे, जळणे, हरवणे, इतर. भाऊंनी 'इतर' निवडलं आणि पुढच्या चौकटीत प्रामाणिकपणे टाइप केलं, 'उकडले.'

कंपनीने कळवलं, असं नुकसान भरून मिळत नाही, सॉफ्टवेअर नव्याने पूर्ण किमतीला घ्यावं लागेल. भाऊंनी ते पत्र दोनदा वाचलं. "लॉक उकडला ता उकडला. आता हे माका उकडूक बघतत." त्याच दिवशी ठरलं, महागडं बंद, स्वस्तातलं शोधायचं. तिसऱ्यांचं सुकं मात्र झकास झालं होतं. वहिनींनी आम्हा दोघींनाही डबा पाठवला.

*

पहिलं एक फुकटातलं संकेतस्थळ मिळालं. ते माणसासारखे प्रश्न विचारायचं आणि उत्तरांतून रिटर्न तयार करायचं. आम्ही तिघंही हरखून गेलो. पहिलं गिऱ्हाईक बसवलं ते बाबी. बाबी मालवाहू जहाजावर आचारी आहे, वर्षातले बरेच महिने समुद्रात. सोबत त्याची बायको होती.

पहिलाच प्रश्न आला. गेल्या वर्षी आपण कोणत्या देशात होता?

"खंयच नाय," बाबी म्हणाला. "बोटीर होतंय."

"बोट खंय होती?"

"ती काय एका जाग्यार रवता, भाऊ?"

यादीत सगळ्या जगातले देश होते, पण पाणी नव्हतं. भाऊंनी विचारलं, बोटीवर झेंडा कुणाचा? पनामाचा. निवडला पनामा. लगेच पुढचा प्रश्न, पनामातला घरचा पत्ता लिहा.

"ह्येंचा पनामात घर आसा?" बाबीची बायको खुर्चीतून उठलीच. तिची समजूत काढण्यात आमचा चहा थंड झाला. संकेतस्थळ पत्त्यावाचून हलेना, मागे जाऊ देईना आणि बंदही होईना. शेवटी पत्त्याच्या जागी भाऊंनी 'जहाजावर' लिहिलं. ते त्याने मुकाट्याने घेतलं आणि पिनकोड मागितला.

बाबीने शांतपणे खिशातून फोन काढला. "थांबा भाऊ, कॅप्टनाक इचारतंय. समुद्राचो पिनकोड तेकाच म्हायत आसतलो."

*

मग एक मोबाइलवरचं अ‍ॅप घेतलं. जवळजवळ फुकट. त्यात सही-बिही नको, नुसता चेहरा दाखवायचा. ओळखपत्रावरच्या फोटोशी जुळला की काम झालं.

सुहास म्हणून आमचं एक गिऱ्हाईक सावंतवाडीजवळच्या गावातून येतं. दशावतारात काम करतो, आणि तेही बायकांच्या भूमिका. त्याची राणी रंगमंचावर आली की पुढे बसलेल्या म्हाताऱ्या पदर सावरून बसतात. पण रिटर्न भरायचे दिवस पावसाळ्यातले. जत्रा बंद, सुहास शेतावर, दाढी वाढलेली, भातलावणीने रापलेला.

अ‍ॅप म्हणालं, चेहरा जुळत नाही.

खाली जाऊन दाढी करून आला. चेहरा जुळत नाही. खिडकीपाशी उभा राहिला, केस विंचरले. नाहीच. तो बिचारा ओशाळला. म्हणाला, "मी मीच आसंय गो. कोणाक साक्षीक आणू काय?"

प्राजक्ताने ओळखपत्र हातात घेऊन नीट पाहिलं. कोरलेल्या भुवया, डोळ्यांत काजळ. सुहासच्या लक्षात आलं. रात्रीच्या नाटकाहून परतताना सकाळी तसाच जाऊन त्याने तो फोटो काढून घेतला होता. प्राजक्ताने पर्समधून काजळाची पेन्सिल काढून दिली.

सुहासने भिंतीवरच्या आरशात बघून काजळ घातलं. केस मागे बसवले. आणि मग मान किंचित कलती केली, एवढंच. मी शपथेवर सांगते, बाकावरची माणसं बोलायची थांबली. शेतातला माणूस कुठे गेला कळलंच नाही. त्याने फोनकडे असं पाहिलं, जसं दरबाराकडे पाहावं.

अ‍ॅपवर हिरवी खूण उमटली.

सुहास काजळ पुसत म्हणाला, "मोबायलाक पण राणीच व्हयी."

*

अ‍ॅपनेही पुढे दगा दिला, तेव्हा प्राजक्ता म्हणाली, मीच एक्सेलमध्ये बनवते. आणि तिने खरंच बनवलं. चुकीचं काही भरलं की सूचना यायची, तीही तिने मालवणीत घातलेली. नाव राहिलं तर 'नाव खंय आसा?' आकडा जुळला नाही तर 'येडो झालंस काय? परत बघ.' आम्ही मुद्दाम चुका करून ते वाचत बसायचो.

वेंगुर्ल्याच्या एका काजू कारखान्याचं ऑडिट मुंबईचे एक सीए करायचे. ते मूळचे दूरच्या राज्यातले, मराठी पुस्तकातून शिकलेले, अतिशय शिस्तीचे. भाऊंनी त्यांना ती फाइल जशीच्या तशी पाठवून दिली. प्राजक्ताला हे कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. दोन दिवस काही उत्तर नाही. मग ई-मेल आला, कारखान्याच्या मालकालाही प्रत, सगळं रीतसर.

'महोदय, आपल्या "येडो झालंस काय" या पृच्छेच्या अनुषंगाने सविस्तर खुलासा सोबत जोडत आहे.'

*

शेवटी बांद्याहून एक विक्रेता सगळ्यात स्वस्त सॉफ्टवेअर घेऊन आला. ते पूर्ण मराठीत होतं, म्हणून भाऊंनी लगेच घेतलं. रिटर्न भरला गेला की गिऱ्हाइकाच्या फोनवर मराठीतून मेसेजही जायचा.

त्या वर्षी मुदत वाढून सप्टेंबरवर आली होती, मासेमारी सुरू झाली होती. आमचं एक जुनं गिऱ्हाईक यशवंत, स्वतःची बोट असलेला. एका संध्याकाळी अचानक वारा सुटला. सगळ्या बोटी मालवणातल्या दांडीच्या किनाऱ्याला परतल्या, यशवंतची आली नाही. त्याच्यासोबत त्याचा भाऊ होता. दोघांचेही फोन लागत नव्हते. त्याची बायको वनिता दुसऱ्या दिवशी सकाळपासून वाळूत बसून होती. आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी दुपारी जेवून आले, आणि हातावरच्या कामांत यशवंतचा रिटर्न होता म्हणून बटण दाबून तो भरून टाकला.

थोड्या वेळाने जिन्यावर धावती पावलं वाजली. वनिता. केस सुटलेले, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, हसत होती आणि रडतही होती. हातातला फोन तिने भाऊंसमोर धरला.

"इले ते. भाऊ, इले. तुमच्याच ऑफिसाचा नाव आसा मेसेजात. कोणी कळवल्यान तुमकां? खंयच्या बंदराक लागली बोट?"

भाऊंनी वाचलं आणि फोन माझ्याकडे दिला. 'अभिनंदन. यशवंत यांचे परत येणे यशस्वीरीत्या पूर्ण झाले आहे.'

सॉफ्टवेअरने 'रिटर्न'चं मराठी केलं होतं. भाऊ उठले, तिला स्वतःच्या खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. त्यांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता.

"वनिता, ह्यो मेसेज टॅक्साचो. आमी रिटर्न भरलो, तेचो. बोटीचो नाय, बाय."

तिने फोन परत घेऊन एकेक अक्षर पुन्हा वाचलं. "ह्येच्यात परत येणां म्हटल्यानी."

"मशिनीन चुकीचा लिवल्यान."

तिने पदराने तोंड पुसलं. "मशीन कित्याक खोटां बोलात? तेचा माझ्याशी काय वैर?" आणि फोन पदरात गुंडाळून जिना उतरली.

भाऊंनी ऑफिस बंद केलं. मुदतीच्या दिवसांत असं कधी झालं नव्हतं. बाकावरची माणसंही आमच्याबरोबर निघाली. किनाऱ्यावर पाऊस आडवा मारत होता. प्राजक्ताने वनिताचा हात धरून ठेवला होता. मी समुद्राकडे बघूच शकत नव्हते.

उजेड कमी व्हायला लागला तेव्हा वनिताच्या पदरातला फोन वाजला. अनोळखी नंबर. तिने कानाला लावला आणि वाळूत मटकन बसली. फोन भाऊंनी घेऊन स्पीकरवर टाकला. यशवंतचा आवाज होता.

"इंजिन बंद पडला. वाऱ्यान वर देवगडाकडे नेल्यान. कुणकेश्वराक वाळूर लागलव. दोघव बरे आसव. फोन भिजलो, तुझो नंबर आठवासर इतको वेळ गेलो."

"कधी लागलास रे?" भाऊंनी विचारलं.

"दुपारीच. देवळात आरती चलली होती."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी पायाकडे पाहिलं.

दुसऱ्याच दिवशी भाऊंनी त्या विक्रेत्याला बोलावून सॉफ्टवेअर परत न्यायला सांगितलं. तो यायच्या आधी वनिता आली, यशवंतला घेऊन, हातात भलीमोठी सुरमई. म्हणाली, "भाऊ, दुसरां काय व्हया ता बदला. ह्यां सॉफ्टवेअर ठेवा."

आता बाकी सगळे रिटर्न आम्ही दुसऱ्या एका बऱ्यापैकी सॉफ्टवेअरवर भरतो. हे मराठीतलं एका जुन्या कॉम्प्युटरवर ठेवलंय, एकाच गिऱ्हाइकासाठी. यशवंतची कागदपत्रं वेळेत येतात, रिटर्न तयार असतो, तरी वनिता भरू देत नाही. मग एखाद्या दिवशी वारा फिरतो, बोटी बाहेर असतात. ती जिना चढून येते, माझ्यासमोर बसते, खिडकीतून एकदा आभाळाकडे बघते.

"शुभा," ती म्हणते, "आता दाब."