मावसाजी आणि चढलेली लाइन

आमच्या मावसाजींइतका विजेचा मान राखणारा माणूस त्या काळी अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात नव्हता. वीज तयार करणाऱ्यांतही नसावा. साठ सालच्या आसपासची गोष्ट. दिग्रसला ते लाउडस्पीकर भाड्यानं द्यायचे आणि बिघडले की स्वतःच दुरुस्त करायचे. चालू मशिनीत हात घालताना डावा हात खिशात ठेवायचा, म्हणजे झटका छातीतून जात नाही, हा त्यांचा नियम. तो इतका अंगवळणी पडला होता की बाजारात, देवळात प्रदक्षिणा घालतानासुद्धा डावा हात खिशातच. लग्नाच्या बोलणीत मावशीचे वडील "पोराचा तो हात एकदा दाखवा" म्हणून अडून बसले होते. पुढे मावशीनं त्यांच्या बंड्यांना उजवा खिसा शिवायचंच सोडून दिलं. माणसांचीही पारख ते विजेवरूनच करायचे. मावशी रागावली की "आज लाइन चढेल हाये" असं पुटपुटत बाहेर सटकायचे.

कापसाच्या हंगामात गावातल्या सगळ्या जिनिंग फॅक्टऱ्या एकदम चालत आणि व्होल्टेज इतकं उतरे की दिवा लागलाय का हे बघायला काडी ओढावी लागे. ॲम्प्लिफायरच्या मागे त्यासाठी एक स्क्रू होता. दोनशेतीसवरून काढून एकशेऐंशीवर लावला की उतरलेल्या लाइनवरही आवाज मोठा. मावसाजी त्याला कधी हात लावत नसत. "लाइन कमी, तं आपुनबी कमी बोलाव," असं त्यांचं म्हणणं.

मी तेव्हा शाळेत नवा मास्तर. होळीच्या आठ दिवस आधी शाळेच्या बक्षीस समारंभासाठी त्यांनी मला आपलं एकुलतं एक मशीन दिलं आणि बजावलं, "बाप्पा, सारं कर, त्या स्क्रूले हात नोको लावू." पाहुण्यांचं भाषण मागच्या रांगेपर्यंत पोचेना. हेडमास्तर माझ्याकडे बघायला लागले. मी खिशातलं नाणं काढून स्क्रू एकशेऐंशीवर नेला. आवाज असा घुमला की पाहुणे स्वतःच दचकले. तेवढ्यात जिनिंगचा जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला, सगळी यंत्रं थांबली, उतरलेली लाइन झपकन वर आली आणि आमच्या मशिनीतून धूर निघाला. भाषण तिथेच संपलं. त्यावर टाळ्या पडल्या.

मावसाजींनी येऊन नुसता वास घेतला. "ट्रान्सफॉर्मर गेला. स्क्रूले हात लावलता काय?"

"नाही," मी म्हणालो. स्क्रू अजून एकशेऐंशीवरच आहे, हे ते मागची पट्टी उघडायला लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांनी उजव्या हातानं तो दोनशेतीसवर आणला आणि मशीन उचललं.

होळीला जवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर लेंगीची, म्हणजे त्यांच्या होळीची, गाणी व्हायची होती. मशीन मिळेल या मावसाजींच्या शब्दावर तांड्याच्या नायकानं, तिथल्या मुखियानं, आसपासच्या चार तांड्यांना बोलावून ठेवलं होतं. ट्रान्सफॉर्मरची जळालेली तार उकलून नवी गुंडाळायची, तीही वेढे मोजत. नायक रोज चौकशीला यायचा. सातशेच्या पुढे मोजणी गेली की दारातून "रामराम, मिस्तरी!" आता रामराम न घेणं म्हणजे भांडण उकरून काढणं. "रामराम!" म्हणेपर्यंत वेढे विसरलेले. तिसऱ्या खेपेला मावशीच दारात बसली आणि येणाऱ्यांचे रामराम परस्पर घ्यायला लागली, तेव्हा कुठे काम पुरं झालं.

तांड्यात वीज नव्हती, पण मशीन त्याच ट्रान्सफॉर्मरमधून बॅटरीवरही चालायचं. होळीला ते खणखणीत वाजलं. नायकानं सगळ्यांदेखत विचारलं, "मिस्तरी, जाळलं कोनं होतं?"

मी शेजारीच उभा होतो. मावसाजी म्हणाले, "मीच. स्क्रू मीच फिरवलता."

लोक हसले. नायक हसला नाही.

परतताना मी म्हणालो, "मावसाजी, तुमाले तं सारं मालूम होतं."

"हो नं. पन नायकाची दोन पोरं तुह्याजवळ शिकून राह्यली. मास्तर खोटं बोलते, हे त्यायले कायले समजू द्याचं?"

पुढल्या होळीला नायकानं पुसदहून दुसऱ्याचं मशीन आणलं. ज्याला स्वतःचं मशीन सांभाळता येत नाही त्याच्यावर भरोसा कसा ठेवायचा, हे त्याचं म्हणणं त्याच्या परीनं बरोबरच होतं. मावसाजी अंगणात बाजेवर बसून लांबून येणारी लेंगी ऐकत होते. "आवाज फाटून राह्यला," एवढंच म्हणाले. मला स्वतःची फार लाज वाटली, अजून वाटते. तांडा जेमतेम दीड मैलावर होता, जाऊन नायकाला खरं सांगायला अर्धा तास पुरला असता. आता मावसाजी नाहीत, नायकही नाही. तेव्हा दोघंही होते, आणि मी मावसाजींशेजारी बाजेवर बसून राहिलो.