खळीने डकवलेल्या चिठ्ठ्या

माझे वडील जंगलखात्यात कारकून. कोकणच्या किनाऱ्यावर नोकरी असताना त्यांना किडे गोळा करायचा नाद लागला. वाळूतले विंचू, माडाच्या झावळीतले कोळी, खाजणातले भुंगेरे, काही म्हणून सोडलं नाही. नवापूरला बदली झाली तेव्हा घरच्या भांड्यांआधी स्पिरिटच्या बाटल्या पेंढ्यात बांधून निघाल्या. मुंबईच्या संग्रहालयाने तो संग्रह मागितला होता आणि वडिलांचा सगळा जीव त्यात अडकला होता.

किडा कुठे नि कधी सापडला ते पेन्सिलीने लिहून चिठ्ठी बाटलीच्या आत टाकावी, अशी संग्रहालयाची सूचना होती. पण वडिलांचं अक्षर मोत्यासारखं, ते स्पिरिटात कोण बुडवणार? त्यांनी झोकात शाईने लिहिलं आणि आईकडून तांदळाची खळ करून घेऊन चिठ्ठ्या बाहेरून डकवल्या.

नवापूरच्या घराच्या मालकीणबाई बाटल्या बघून म्हणाल्या, "भाऊ, मरेल किडास्नी इतली चाकरी?" मेलेल्या किड्यांची चाकरी म्हटल्यावर वडिलांनाही हसू आलं. जिवंत किड्यांकडे मात्र कुणाचंच लक्ष नव्हतं. पावसाळाभर कपाट बंद राहिलं. उघडलं तेव्हा झुरळांनी खळीसकट चिठ्ठ्या फस्त केल्या होत्या. मोजक्या बाटल्यांवर अक्षर उरलं होतं. वडिलांचा सर्वांत लाडका काळा विंचूही बेवारस झाला होता.

आई म्हणाली, "अहो, तुम्हाला पाठ आहे की सगळं. बसा नि लिहून काढा."

मलाही तेच वाटलं. मुंबईत कुणाला कळणार होतं? वडिलांनी विंचवाची बाटली उजेडात धरली.

"हा मालवणचा की वेंगुर्ल्याचा, मला छातीठोक सांगता यायचं नाही. उद्या कुणी बिचारा माझ्या भरवशावर वेंगुर्ल्याला विंचू शोधत फिरेल."

मग त्यांनी कोऱ्या झालेल्या एकेका बाटलीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी सोडली: ठिकाण नक्की माहीत नाही. हा माणूस माझा बाप आहे याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला. तो अजून ओसरलेला नाही.

सगळ्या बाटल्या मुंबईला गेल्या, पण संग्रहालयाने चिठ्ठी शाबूत होती तेवढ्याच ठेवून घेतल्या. ठिकाणाशिवाय नोंद होत नाही, म्हणून बाकीच्या सुरतेवरून गाडीने परत आल्या, त्यात विंचूही होता. वडिलांनी दिवसभर बसून त्या पुसून परत कपाटात लावल्या. संध्याकाळी उठले, चुलीमागे हात घालून एक धडधाकट झुरळ पकडलं आणि रिकाम्या बाटलीत घातलं. पेन्सिलीची चिठ्ठी आत: नवापूर, राहतं घर. खाद्य: खळ व चिठ्ठ्या. खाली तारीख.

आई म्हणाली, "आता हेही पाठवणार?"

"याची मला खात्री आहे," वडील म्हणाले.

लग्न होऊन मी मुंबईला गेले, तेव्हा वडील राहिले नव्हते. संग्रहालयात विचारत विचारत त्या कपाटापर्यंत पोचले. किनाऱ्यावरच्या बाटल्यांवरची शाई पार उडून गेली होती. शेजारी आमचं झुरळ होतं, आणि स्पिरिटात बुडालेलं वडिलांचं अक्षर जसंच्या तसं वाचता येत होतं.