कात्रणांची मागची बाजू

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ग्रंथालयात कामावर होते. नव्वदचं दशक सुरू होऊन थोडीच वर्षं झाली होती. अण्णाचे, माझ्या थोरल्या भावाचे, अंत्यसंस्कार अमेरिकेतच झाले. बंगळूरला मल्लेश्वरमच्या घरी आम्ही दिवस केले, तेरावा झाला, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या वडिलांनी, अप्पांनी, कपाटातून एक जाड वही काढली.

तिच्यात अमेरिकेतल्या एका फुटबॉल संघाचा, तिकडच्या भाषेत सॉकरच्या, इतिहास होता. अण्णा नोकरीला लागला त्या शहरातला तो व्यावसायिक संघ. लहानपणी आम्ही दोघं मैदानाच्या कठड्यावर बसून सामने बघायचो, म्हणून पत्रासोबत तो माझ्यासाठी त्या संघाची कात्रणं पाठवायचा. पण पाकीट अप्पा फोडायचे. पत्र ते सगळ्यांसमोर, कुणी पाहुणे असतील तर त्यांच्यासमोरही, मोठ्याने वाचायचे. कात्रणं लगेच मैद्याच्या खळीने वहीत चिकटायची.

"अप्पा, मला आधी बघू द्या की."

"स्वल्प थांब, थोडा वेळ. वाळल्यावर बघ. तू हरवशील."

मी वाळल्यावर बघायचे आणि अण्णाला कळवायचे, कात्रणं मिळाली, वाचली, आवडली.

संघ सुरुवातीला एका शाळेच्या मैदानावर, मूठभर लोकांसमोर खेळे. मग एका धनिक मालकाने युरोपातले उतारवयाचे नामवंत खेळाडू आणले आणि मोठं स्टेडियम भरू लागलं. तिथल्या लोकांना बरोबरी खपत नसे. सामना बरोबरीत राहिला की एकेक खेळाडू दुरून चेंडू घेऊन एकट्या गोलरक्षकावर धावून जाई, पाच सेकंदांच्या आत गोल करायचा. त्या कात्रणाखाली अप्पांची टीप होती, 'पोरखेळ.' पुढे मालकाचा उत्साह संपला, खुर्च्या रिकाम्या पडल्या आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर संघ बंद झाला. तोवर अण्णाची पत्रंही विरळ झाली होती. नंतर वर्षाला एक कार्ड. तिकडचाच झाला तो, असं आम्ही म्हणायचो.

"वहीला कसर लागलीय," अप्पा म्हणाले. "नव्या वहीत लावून दे. न फाडता सोडवायचं तुला जमतं."

ओला टीपकागद ठेवून मी पहिलं कात्रण सोडवलं. मागे टायरच्या जाहिरातीतल्या कोऱ्या जागेत बॉलपेनने लिहिलेलं अण्णाचं अक्षर होतं. 'पत्र सगळे ऐकतात, म्हणून इथे लिहितो. मला इथे राहवत नाही. अप्पांचा कल बघून कळव, परत आलो तर चालेल का?'

पुढच्या एकावर होतं, 'नुसतं आवडली लिहितेस. विचारलंस का?' मग मला धीर धरवेना. शेवटच्या पानावर गेले. संघ बंद पडल्याच्या बातमीमागे लिहिलं होतं, 'सरी, ठीक आहे. आता नाही विचारणार.'

ते तिन्ही कागद मी अप्पांपुढे ठेवले. चष्मा लावून त्यांनी ते वाचले, पुन्हा पहिल्यापासून वाचले.

"तुला ठाऊक होतं?"

"नाही. तुम्ही चिकटवलीत, आणि मी वाचली म्हणून कळवलं."

त्यांनी चष्मा काढून कागदांवर ठेवला.

"अप्पा, मी विचारलं असतं तर 'ये' म्हणाला असतात ना?"

"काय सांगू गं. सगळ्या गल्लीत मी मुलगा अमेरिकेत म्हणून मिरवत होतो. दोन वर्षं काढ म्हणालो असतो बहुतेक. मग आणखी दोन."

त्यांनी खोटं सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

उरलेली कात्रणं सोडवायला तीन आठवडे लागले. रोज दुपारी अप्पा समोर बसत, सुटलेला कागद आधी माझ्या हातात राहू देत आणि मी काय म्हणते याची वाट बघत. काहींवर विचारणा होती, काहींवर नुसतंच हवापाणी. ज्याच्या मागे फक्त छापील मजकूर निघे, त्या वेळी आम्हा दोघांनाही हायसं वाटे, आणि मग एकमेकांकडे बघवत नसे.