सायलेन्सर कसा बसवलाय ते मालकालाच दाखवलं

मंडळी, आज मी जाम खूश आहे!

परवा गॅरेजमध्ये माझ्या मोटारसायकलला नवा सायलेन्सर बसवून घेतला. काल आईला मागे बसवून निघाले, तर भाट्याच्या पुलापर्यंत तिच्या साडीचा काठ जळाला. सायलेन्सर पार फूटरेस्टला टेकला होता. "मी आपली रिक्षाने जाईन. तुझ्या गाडीवर नको गो बाई," आई म्हणाली. फार लागलं मला.

आज सकाळी गॅरेजवर गेले. मालक हसला. "सायलेन्सर गरम होणारच ताई. बायकांनी साडी सांभाळून बसायला नको काय?"

"दादा, तुम्हीच माझ्या मागे बसून दाखवा."

गिऱ्हाईकं बघत होती, त्यामुळे त्याला बसावंच लागलं. थिबा पॅलेसच्या चढावर मागून तो ओरडला, "ताई, थांबवा! चप्पल वितळली!"

परत आल्यावर त्याने स्वतः सगळं खोललं. सायलेन्सर धरून ठेवणारी पट्टी उलटी लावली होती. ती सरळ केली, वर पत्र्याचं कव्हरही बसवलं. "चुकलंच आमचं," म्हणाला.

संध्याकाळी आई माझ्या मागे बसून मांडवीला आली. वाटेत ओळखीचं कोणी दिसलं की हात करत होती!

बायकांना गाडीतलं काय कळतं, असं तुमच्यापैकी कोणाकोणाला ऐकावं लागलंय? आणि तुम्ही काय केलंत?