किसनकाकांचं ‘भय नाई’

किसनकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी मस्कतमध्ये पाण्याचा टँकर भरत होतो. सुट्टी मागितली, मिळाली नाही. ज्यांनी मला उभं केलं त्यांना खांदा द्यायला मी नव्हतो… पाच आठवडे झाले, हे मनातून जात नाही. म्हणून लिहायला बसलो. शाळा आठवीतच सुटली, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

हिंगणघाटजवळच्या आमच्या गावात काकांचं घर आमच्या घराला लागून. ते फौजेत ड्रायव्हर होते. एकाहत्तरच्या लढाईत, पाकिस्तानी फौजेच्या तावडीतून बांगलादेश सुटला, तेव्हा ते तिथं होते, एवढंच गावाला ठाऊक. कुणी विचारलं तर म्हणायचे, “गाडी चालवली, अजून काय?” मी शाळा सोडली तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली, काकांनी मात्र मला ट्रॅक्टरवर बसवलं. क्लचवरचा पाय मी उचलायचोच नाही. काका मडगार्डवर बसून म्हणायचे, “भय नाई. सोड क्लच.” ट्रॅक्टर उडी मारून बंद. “काऊन बे, बेडकावर बसला का?” आणि पुन्हा, “भय नाई.” आम्ही वऱ्हाडी माणसं ‘भेव’ म्हणतो. काकांचं ‘भय’ म्हणजे फौजेत राहून सुधारलेली बोली, असंच सगळे समजायचे. पोरं तर त्यांना मागून ‘भयनाईकाका’ म्हणत.

त्या शिकवणीवरच मी इथवर पोचलो. कामगारांच्या कॅम्पमधल्या खोलीत माझ्या शेजारच्या खाटेवर रफिक, बांगलादेशचा. इथल्या लायसन्सच्या परीक्षेच्या सकाळी मी घाम पुसत बसलो होतो, तर यानं पाठीवर हात ठेवला, “भय नाई.” मी उडालोच! हे तुला कुणी शिकवलं? तो हसला, “ये तो हमारे घर का बोली है.”

पास झालो आणि संध्याकाळी काकांना व्हिडिओ कॉल लावला, रफिकचे शब्द सांगितले. काका म्हणाले, “ते बोल माहे नाईत रे. त्या लढाईत गाडी तराफ्यावर चढवून नदी पार करून राह्यलो होतो. मले पोहता येत नाई, अन् वरून गोळ्या. स्टेअरिंग धरून भेऊन बसलो होतो. तिथला म्हातारा नावाडी, त्याचं सारं गाव जळालेलं… अन् तोच मले म्हणे, भय नाई, बाबा.”

मी रफिकला हिंदीत सांगितलं. तो तडक बाहेर गेला आणि कॅम्पमधल्या दहा-बारा जणांना घेऊन आला, सगळे त्याच्याच देशाचे. “चाचा, आप लोग नहीं आते तो हमारा देश नहीं होता. सलाम लीजिए.” सगळे उभे. काका बनियनवर होते. “थांबा बे, असं नाई चालत!” म्हणत आत गेले, पेटीतली फौजेची टोपी घालून आले. मागून काकू ओरडल्या, “अवो, लुंगी तं बदला!”

“राहू दे वं, फोनात कमरेखालचं दिसत नाई.”

आणि ताठ सलाम ठोकला. डोळे भरलेले, हात मात्र हलला नाही. गावानं ज्यांना कधी साधा हार घातला नाही, त्यांचा मान त्या देशाच्या पोरांनी केला, आणि तो फोन माझ्या हातात होता. एवढा अभिमान मला जन्मात वाटला नव्हता.

काकू परवा सांगत होत्या, त्यानंतर काकांनी टोपी पेटीत ठेवलीच नाही. दाराजवळच्या खिळ्याला टांगली. येता-जाता पाहायचे. काकू म्हणाल्या, “मी अजून नाई काढली रे. तू येजो, मंग पाहू.”

पुढच्या महिन्यात सुट्टी आहे. काका नसलेल्या त्या दारात शिरायची आतापासूनच धास्ती वाटते. आधी त्या टोपीला सलाम करीन, एक माझा, एक रफिकचा. हात कापेल… कापू दे. भय नाई.